सोपाऱ्याचा स्तूप, अशोकाचे दोन दगड आणि वर्गातली दहा मिनिटं

पोस्ट लांबलीय, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी नालासोपाऱ्यात शिक्षक आहे. शाळेचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण आधी जी चूक सांगणार आहे ती शाळेची नाही, माझी आहे.

आमच्याकडे परिपाठानंतर दहा मिनिटं मुलांना शांत बसवतो. डोळे मिटायचे, पाठ ताठ, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. मन स्थिर होतं, अभ्यासात लक्ष लागतं, मुलं आनंदी राहतात असं आम्ही पालकसभेत सांगतो. एके दिवशी आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा टक्क डोळे उघडे ठेवून बसला होता. मी खूण केली, त्याने दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा मी ओरडलो, "डोळे मीट, नाहीतर बाहेर उभा राहा!" साठ मुलं डोळे मिटून शांतीचा अभ्यास करतायत आणि त्यांचा सर मोठ्याने ओरडतोय. यातला विनोद मला तेव्हा कळला नाही.

मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. तो खाली बघत म्हणाला, "सर, डोळे मिटले की काल रात्रीचं घरचं सगळं दिसतं. उघडे असले की फळा दिसतो."

पुढे मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? तर त्या संध्याकाळी मी घरी न जाता स्तूपावर गेलो. नालासोपारा पश्चिमेचा आपला स्तूप. शाळेपासून रिक्षाने दहा मिनिटं. इतकी वर्षं याच गावात काढली, पण तिथे निवांत बसलो ते त्या दिवशी. नंतर वाचायला लागलो. आणि लक्षात आलं, की मुलांच्या सुखासाठी आपण जे शोधत फिरतोय, त्याबद्दलचा बराच जुना विचार याच मातीत सापडलाय. फक्त तो आपल्या समजुतीपेक्षा वेगळा आहे.

टेकाडात काय सापडलं

जुनी माणसं या जागेला बुरुड राजाचा कोट म्हणायची. बाहेरून बघितलं तर झाडाझुडपांचं एक टेकाड. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं. हे मूळचे जुनागढचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले, स्वतःच्या हिकमतीवर ब्राह्मी लिपीचे जाणकार झालेले.

टेकाडाच्या पोटात दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. भोवती बुद्धांच्या आठ छोट्या धातूच्या मूर्ती, सोन्याची फुलं, आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. एवढ्या वेष्टनांच्या आत सोन्याच्या करंडकात काय जपलं होतं? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. हे बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत, असा भगवानलालांचा कयास होता.

नाणं दुसऱ्या शतकातलं. मूर्ती मात्र त्याच्या बऱ्याच नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे मधली काही शतकं इथली माणसं या जागेला जपत होती. हा ठेवा पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

त्या काळचं सोपारा म्हणजे शूर्पारक, मोठं बंदर. नाणेघाटात पाण्याची टाकी खोदून देणारा गोविंददास सोपाऱ्याचा. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब दान देणारा सातिमित हाही सोपाऱ्याचा. लेखात त्याला 'भाणक' म्हटलंय. भाणक म्हणजे धर्मवचनं तोंडपाठ ठेवून इतरांना म्हणून दाखवणारा. आजच्या भाषेत आपल्या गावचा शिक्षकच.

दोन दगड, दोन्ही सुखाबद्दल

भगवानलालांना त्याच १८८२ मध्ये सोपाऱ्यात तळ्याकाठी आणखी एक गोष्ट मिळाली. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा. पुढे १९५६ मध्ये आपल्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हे चौदा लेख गिरनार, कालसी वगैरे ठिकाणी पूर्ण मिळालेले असल्यामुळे आपल्या तुकड्यांवर मूळ काय होतं ते कळतं. म्हणजे एकेकाळी सोपाऱ्यात अशोकाचा हा सगळा लेखसंच कोरलेला असणार. बंदरावर उतरणाऱ्या व्यापाऱ्याला, हमालाला, खलाशाला कुणीतरी तो वाचून दाखवत असेल.

बाकीचे गेले आणि या दोघांचेच तुकडे आपल्यापर्यंत पोचले. योगायोग बघा, दोन्ही लेख सुखाबद्दल आहेत.

आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रेला निघायचे, शिकार करायचे. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो स्वतः बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याची यात्रा बदलली. तो श्रमण-ब्राह्मणांना भेटतो, दान देतो. म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यांची सोय लावतो. खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून धम्माबद्दल बोलतो, आणि त्याबद्दल प्रश्नोत्तरंही होतात. या यात्रेत आधीच्या यात्रांपेक्षा जास्त आनंद आहे, असं तो म्हणतो.

नववा लेख, आपला भुईगावचा, मंगलविधींवर आहे. आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. (बायका फुटकळ विधी फार करतात असंही त्यात आहे, ते आज वाचताना खटकतं. पण लपवत नाही, आहे ते आहे.) मग मोठं फळ देणारं मंगल कोणतं? दास आणि नोकरांशी नीट वागणं. गुरुजनांचा मान. प्राणिमात्रांबाबत संयम. दान. आणि हे सांगायचं कुणी? बापाने, मुलाने, भावाने, मालकाने, मित्राने, अगदी शेजाऱ्यानेसुद्धा.

यादीत पहिलं काय आलंय ते पुन्हा वाचा. आपल्यापेक्षा खालच्या समजल्या जाणाऱ्या माणसाशी तुम्ही कसे वागता, ते. मला लगेच आमचे शिपाई मामा आठवले, स्वच्छता करणाऱ्या मावशी आठवल्या. आपण मुलांसमोर त्यांना हाक कशी मारतो? मुलं दहा मिनिटं श्वास बघतात आणि उरलेले सहा तास आपल्याला बघतात.

सोपाऱ्याचा बाहिय

पाली ग्रंथांत सोपाऱ्याच्या दोन माणसांच्या गोष्टी आहेत. या धर्मग्रंथांतल्या कथा आहेत, स्तूपासारखा खणून काढलेला पुरावा नव्हे, हे आधीच सांगतो. पण त्या काळचे लोक काय मोलाचं मानत होते ते त्यातून दिसतं.

पहिला बाहिय. समुद्रकाठी सोपाऱ्यात राहायचा, झाडाच्या सालीची वस्त्रं नेसायचा. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला हा व्यापारी होता, असं नंतरच्या टीकाग्रंथात येतं. लोक त्याला साधुपुरुष मानून मान देत, जेवण आणून देत. एक दिवस त्याला स्वतःलाच प्रश्न पडला, की मी खरंच पोचलेला आहे का? उत्तर 'नाही' असं मिळाल्यावर तो थेट श्रावस्तीच्या वाटेला लागला. इथून हजार किलोमीटरच्या वर. वाटेत कुठे एका रात्रीपेक्षा जास्त थांबला नाही. बुद्ध भिक्षेला निघाले होते, त्यांना रस्त्यातच गाठून म्हणाला, मला आत्ताच शिकवा. दोनदा नकार मिळाला, तिसऱ्यांदा बुद्धांनी चार ओळींत शिकवलं. त्याचा सार असा, की दिसेल ते फक्त दिसलेलं असू दे, ऐकशील ते फक्त ऐकलेलं असू दे. त्याला पदरचं काही चिकटवू नकोस.

वर्गात याचा अर्थ काय? गणितात चाळीस मार्क म्हणजे चाळीस मार्क. "मी ढ आहे" हे आपण चिकटवलेलं. आणि खरं सांगायचं तर मुलांच्या अंगाला ते चिकटवतं कोण? आपणच. मीही त्या मुलाचे उघडे डोळे बघून "उद्धट आहे" हे चिकटवलंच होतं.

पूर्णाची मुलाखत

दुसरा पूर्ण, पालीत पुण्ण. 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात त्याची कथा विस्ताराने येते. शूर्पारकातल्या व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. बापाच्या मागे वाटण्या झाल्या तेव्हा घरात डावललेला. पुढे चंदनाच्या व्यापारात त्याने नाव कमावलं. एका सफरीत श्रावस्तीचे व्यापारी पहाटे बुद्धवचनं म्हणत होते, ती ऐकून हा बुद्धांकडे गेला. नंतर त्याने आपल्या मुलखात जाऊन शिकवायचं ठरवलं. तो प्रदेश म्हणजे अपरांत, आपला हा कोकणपट्टा, असं बरेच अभ्यासक मानतात.

निघताना बुद्ध त्याला प्रश्न विचारतात. तिथली माणसं तापट आहेत, शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणतो, मी समजेन की भली आहेत, हात तरी उगारला नाही. हात उगारला तर? भली आहेत, दगड तरी मारले नाहीत. दगडानंतर काठी, काठीनंतर शस्त्र, असं करत जिवापर्यंत प्रश्न जातो. तो ढळत नाही. तेव्हा बुद्ध म्हणतात, आता तू तिथे राहू शकशील.

ही गोष्ट मी आधीही ऐकली होती आणि सहनशीलतेची शिकवण म्हणून मुलांना सांगितलीही होती. आता मला वाटतं, मी ती उलट्या बाजूने सांगत होतो. ही शिकायला आलेल्याची परीक्षा नाही. शिकवायला निघालेल्याची मुलाखत आहे. मार मुकाट सोसा असं पोरांना सांगण्यासाठी ती कुणी वापरू नये. पूर्णाला किती पाठ आहे, किती वेळ डोळे मिटून बसता येतं, यातलं काही बुद्धांनी विचारलं नाही. शिकणारी माणसं त्रास देतील तेव्हा तू कसा वागशील, एवढंच विचारलं. या मुलाखतीत मी पहिल्याच प्रश्नाला नापास झालो असतो. मला तर त्या पोराने शिवीसुद्धा दिली नव्हती.

आजचं चित्र

सत्यनारायण गोयंकांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून येऊन मुंबईत पहिलं विपश्यना शिबिर घेतलं. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून सुरू आहे. खाडीपलीकडे गोराईला पॅगोडा उभा राहिला, त्याचं उद्घाटन २००९ मध्ये झालं. यातला मुलांसाठीचा भाग म्हणजे आनापान, श्वास जसा आहे तसा बघणं. त्यात मंत्र नाही, मूर्ती नाही. साधारण दीड दशकापूर्वी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने 'मित्र उपक्रम' या नावाने तो शाळांत आणला. दिल्लीत जुलै २०१८ मध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत सरकारी शाळांसाठी आनंदाचा अभ्यासक्रमच सुरू झाला, नर्सरी ते आठवी.

या गोष्टींचा मी विरोधक नाही. माझ्या वर्गात काही मुलांना फायदा झालेला मी पाहिलाय. पेपरआधी हात थरथरणारी एक मुलगी आता चार श्वास बघते आणि लिहायला लागते.

पण दुसरी बाजूही बघू. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांत, ११ ते १४ वयाच्या ८ हजारांहून अधिक मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्गात सजगता शिकवलेल्या मुलांचं मानसिक आरोग्य नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा सुधारलं नाही. बहुतेक मुलं घरी सराव करतच नव्हती. फायदा थोडाफार दिसला तो शिक्षकांना, त्यांचा थकवा कमी झाला. वाचून मला पूर्णाची मुलाखत आठवली. आधी शिक्षक, मग मुलं.

आणखी एक. आपल्या वसई-विरारमध्ये एका वर्गात आगरी, कोळी, वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध, आदिवासी, उत्तर भारतीय, गुजराती अशी सगळी मुलं बसतात. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय त्याची सक्ती करता येत नाही. श्वास सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे आनापान यात बसत नाही असं म्हणता येईल. पण कायद्याचं राहू द्या, सक्ती आली की त्यातली शांती संपते. हे मी ओरडून सिद्ध केलंय.

भुईगावचा दगड सापडला त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्याआधी त्यांनी मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद अशी नावं देऊन कॉलेजं काढली. मिलिंद हा भिक्खू नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारणारा राजा. बाबासाहेबांच्या बुद्धविचारात धम्म हा माणसा-माणसातल्या नात्याचा विषय आहे, एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरजच नाही. अशोकाचा नववा लेखही तेच सांगतो. सुख एकट्याच्या मिटल्या डोळ्यांत शोधून पुरत नाही. ते दोन माणसं एकमेकांशी कशी वागतात त्यात आहे.

मग मी काय केलं

फार काही नाही. डोळे मिटायची सक्ती काढली. ज्याला नको त्याने खिडकीतून झाड बघावं, चित्र काढावं, नुसतं बसावं. त्या दहा मिनिटांत मी पेपर तपासत नाही, मीही बसतो. आठवड्यातून एक दिवस मुलांनी मला प्रश्न विचारायचे, आणि येत नसेल तर मी "माहीत नाही" म्हणायचं. त्या मुलाच्या आईशी बोललो. ती पहाटेच्या लोकलने कामाला जाते, रात्री येते. घरातलं सगळं मी सोडवू शकत नाही. पण शाळा सुटल्यावर तो तासभर ग्रंथालयात बसू शकतो एवढी सोय झाली.

मग वर्गाला स्तूपावर घेऊन गेलो. बहुतेकांनी तो पहिल्यांदाच पाहिला. सोन्याच्या करंडकाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानेच विचारलं, "सर, फुटलेला वाडगा सोन्यात कशाला ठेवला?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. बाजूची मुलगी म्हणाली, "अरे, ज्याचा होता तो चांगला वागला असेल ना सगळ्यांशी."

मी त्यात काही भर घातली नाही.

तो अजूनही डोळे उघडेच ठेवतो. चालेल.

आता तुमच्याकडे मागणं

१. शिक्षक मंडळी, वर्षातून एकदा तरी मुलांना स्तूपावर न्या. दोन्ही शिलालेखांचे तुकडे मुंबईला गेलेत, पण त्यातला मजकूर सोप्या मराठीत शाळेच्या फळ्यावर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

२. संस्थाचालक आणि महापालिकेची मंडळी, मुलांना शांत बसवण्याच्या कार्यक्रमाआधी शिक्षकांना शांत राहता येईल असं बघा. एका वर्गात साठ मुलं, वर शाळाबाह्य कामं, आणि घरी जाताना विरार लोकल. यातून पूर्ण घडणं कठीण आहे.

३. पालकांनो, मुलाला "आज किती मार्क पडले?" विचारता, ते विचाराच. पण कधीतरी "आज कुणाशी चांगलं वागलास?" हेही विचारा. आणि त्याने उलट तुम्हाला तेच विचारलं तर चिडू नका.

सोपारा, भुईगाव परिसरातल्या जुन्या मंडळींकडे स्तूपाच्या, तळ्याच्या, सापडलेल्या दगडांच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. तुमच्या नातवंडांच्या वर्गात मी त्या वाचून दाखवीन.